सणासुदीचे दिवस आणि मनावरचे मळभ

पोळ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे अडीच-तीन महिने म्हणजे मराठी घरांतील वर्षाचा सर्वांत गजबजलेला काळ. हरतालिका, गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, दसरा, कोजागरी आणि दिवाळी असे एकामागून एक सण येत राहतात. घर झाडून-पुसून लख्ख होते, तळणाचा वास दरवळतो, पाहुण्यांची ये-जा सुरू होते. आणि नेमक्या याच दिवसांत घरातील एखाद्या व्यक्तीला काहीच गोड लागेनासे होते. झोप उडते, लहानसहान कारणांवरून चिडचिड होते, माणसांचा आवाज नकोसा वाटतो, देवापुढे दिवा लावताना कारण नसताना डोळे भरून येतात. त्यात भर पडते ती अपराधीपणाची. सगळे आनंदात असताना आपल्यालाच असे का व्हावे, हा प्रश्न मूळ दुःखापेक्षाही अधिक छळतो.

सणांच्या काळातील या उदासीला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र आजाराचे नाव नाही. बहुसंख्य लोकांच्या बाबतीत ती काही दिवसांची असते; दगदग थांबली, झोप पूर्ण झाली, की ती ओसरते. काहींच्या बाबतीत मात्र आधीपासून दबून असलेले नैराश्य सणाच्या निमित्ताने वर येते. या दोहोंतील फरक ओळखता आला, तर पुष्कळ त्रास टळू शकतो. छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील मराठी कुटुंबांच्या संदर्भात हा विषय पाहिला असता त्याचे अनेक पदर उलगडतात. कारण तेथे दोन प्रदेशांचे सण एकाच अंगणात साजरे होतात, आणि ते साजरे करणारी कुटुंबे मात्र दूरदूर विखुरलेली असतात.

रायपूरमधील मराठी वस्ती नवी नाही. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी १७४१ साली रतनपूरवर स्वारी केली. पुढे १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी हा प्रदेश नागपूरशी जोडलेलाच राहिला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्यामुळे कारकुनी, शिक्षकी, वकिली आणि रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेली अनेक कुटुंबे येथेच स्थिरावली. तात्यापारा, बूढापारा या जुन्या वस्त्या आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ ही नावे रायपूरच्या मराठी माणसाला परकी नाहीत. येथील अनेक घरांत गौरींना विदर्भाच्या रीतीप्रमाणे महालक्ष्म्याच म्हणतात. पोळा तर दोन्ही प्रदेशांचा. मराठी पंचांगात ती श्रावण अमावास्या, उत्तरेकडील पंचांगात भाद्रपद अमावास्या. दिवस मात्र एकच.

अपेक्षांचे ओझे

सणाचा ताण कोठून येतो, याचे उत्तर बहुधा सणात नसते; सण कसा असावा याविषयी मनात पक्क्या झालेल्या चित्रात ते असते. त्या चित्रात घर भरलेले असते, सर्व भावंडे एकत्र असतात, फराळाचे सर्व पदार्थ घरचेच असतात, आणि कोणीही कोणावर रागावलेले नसते. प्रत्यक्षातील दिवाळी या चित्राशी ताडून पाहिली, की ती नेहमीच उणी पडते.

रायपूरसारख्या शहरात हे उणेपण विशेष जाणवते. मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुणे, बंगळूर, हैदराबाद वा परदेशी गेलेली असतात. नागपूर जेमतेम तीनशे किलोमीटरवर. परंतु पुणे वा मुंबई हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. हावडा-मुंबई मार्गावरील गाड्यांची दिवाळीतील तिकिटे आरक्षण खुले होताच संपतात. मुलगा येणार की नाही, हे गाडीच्या प्रतीक्षायादीवर ठरते, आणि त्या यादीतील क्रमांक रोज पाहणाऱ्या आईची झोप त्या आकड्याबरोबर खाली-वर होत राहते. परदेशातील मुलांशी दृक्-संवाद होतो, हे खरे. पण रायपुरात लक्ष्मीपूजनाचे सायंकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा न्यू यॉर्कमध्ये सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ झालेले असतात, आणि तो बहुधा तेथील कामाचा दिवस असतो. पाच मिनिटांच्या त्या बोलण्यात दोन्ही बाजू हसऱ्या चेहऱ्याने बसतात. पडदा काळा झाल्यावर घरात जी शांतता पसरते, तिच्याविषयी कोणी कोणाशी बोलत नाही.

रायपूरजवळच्या भिलाईत आणखी एक प्रकार आढळतो. पोलाद कारखान्याची झोतभट्टी सणासाठी विझवता येत नाही. १९५९ साली तेथील पहिली भट्टी सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक दिवाळीच्या रात्री काही घरांतील कर्ता पुरुष पाळीवर असतो. रेल्वे, रुग्णालये, पोलीस दल, वीज विभाग येथील कर्मचाऱ्यांचेही तेच. अशा घरांनी सण एक दिवस मागे-पुढे करण्याची युक्ती फार पूर्वीच शोधली आहे, आणि आमच्या मते ती कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याइतकीच शहाणपणाची आहे. भाऊबीज तिथीलाच झाली पाहिजे असा हट्ट सोडला, तर अर्धा ताण तेथेच संपतो.

स्त्रियांच्या वाट्याला येणारा भार वेगळा सांगायला हवा. घराची सफाई, फराळ, पूजेची तयारी, देण्या-घेण्याच्या वस्तू, पाहुण्यांची सरबराई, आणि नोकरी असल्यास तीही. यातील बरेचसे काम कोणाला दिसत नाही. कोणाच्या घरी काय पाठवायचे, कोणाचा मान राहिला, कोणाला कोणते पथ्य आहे, हे सर्व एकाच स्त्रीने लक्षात ठेवायचे असते. रायपूरच्या घरांत त्याची दुहेरी भर पडते. एकीकडे चकली, करंजी, अनारसे. दुसरीकडे शेजाऱ्यांच्या पोरा-तीजाला ठेठरी आणि खुरमी आली, की त्यांच्या परतभेटीचा विचार. दिवाळीच्या पहिल्या दिवशी अभ्यंगस्नानाला सर्वांत आधी उठणारी आणि रात्री सर्वांत शेवटी आडवी होणारी ती स्त्री चार दिवस पाच तासांहून कमी झोपली, तर तिची चिडचिड हा स्वभावदोष नसून शरीराने दिलेली सूचना आहे.

पैशाचा प्रश्न उघडपणे बोलला जात नाही. नवे कपडे, मुलांचे फटाके, जावयाची पहिली दिवाळी, मोलकरणीची आणि वॉचमनची बक्षिसी, यांतून कर्ज होते. दिवाळीत जुगार खेळणे शुभ मानण्याची समजूत उत्तर आणि मध्य भारतात अनेक ठिकाणी आहे; तिच्या आधाराने एका रात्रीत महिन्याचा पगार घालवणारे असतात. त्या घरात नंतरचे दोन महिने जी उदासी नांदते, तिचे मूळ कारण औषधाने बरे होणारे नसते.

सणाच्या दिवशी रडू नये?

‘सणाच्या दिवशी डोळ्यांतून पाणी काढू नये’ हे वाक्य मराठी घरांत लहानपणापासून कानावर पडते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ज्या घरात यंदाच माणूस गेले आहे, त्या घरात या वाक्याचा अर्थ ‘तुझे दुःख आज आम्हाला नको’ असा होतो. गेलेल्या माणसाची आठवण सर्वांत अधिक येते ती सणातच. उटणे लावणारा हात, पहिला फटाका लावणारे आजोबा, पाडव्याला ओवाळून घेणारा नवरा, यांची जागा त्या-त्या क्षणी रिकामी दिसते. दडपलेले रडू नाहीसे होत नाही. ते डोकेदुखी, छातीत भरून येणे, अपचन किंवा भांडण अशा वाटांनी बाहेर पडते.

वास्तविक आपल्या परंपरेने दुःखाला सणातून हद्दपार केलेले नव्हते. घरात वर्षभरात मृत्यू झाला असल्यास त्या वर्षी फराळाचे तळण करायचे नाही, अशी रीत अनेक मराठी घरांत आहे; मग शेजारी आणि नातलग फराळाचे डबे आणून देतात. या रीतीत मोठी समज आहे. दुःखी घरावर आनंदाचे सोंग करण्याची सक्ती नाही, आणि त्याला एकटेही सोडलेले नाही. भोंडल्याच्या आणि मंगळागौरीच्या गाण्यांत सासरच्या जाचाचा आणि माहेरच्या ओढीचा उघड उच्चार असतो. मुलींनी फेर धरून, हसत-खेळत, एरवी बोलता न येणाऱ्या गोष्टी बोलून घ्याव्यात अशी ती सोय होती.

छत्तीसगडमध्ये हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. भाद्रपद शुद्ध तृतीयेला, म्हणजे आपल्या हरतालिकेच्याच दिवशी, तेथे ‘तीजा’ असते. त्यासाठी वडील किंवा भाऊ विवाहित मुलीला सासरहून माहेरी घेऊन येतात. मुलगी वयाने कितीही मोठी असो, तीजाला तिला माहेर मिळते. उपवासाच्या आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खाण्याची चाल आहे. त्याला ‘करू भात’ म्हणतात. दिवाळीच्या सुमारास गावोगाव आणि रायपूरच्या मोहल्ल्यांतही स्त्रियांचे सुवा नृत्य चालते. टोपलीत धान्य भरून त्यावर मातीचा पोपट ठेवतात, त्याच्याभोवती गोल करून टाळ्यांच्या तालावर गातात, आणि त्या पोपटालाच आपला निरोप्या मानून बाईच्या जन्माचे दुःख सांगतात. वर्षातील सर्वांत उजळ सणाच्या तोंडावर स्त्रिया घरोघरी जाऊन दुःखाची गाणी गातात, आणि घरधनी त्यांना धान्य वा पैसे देऊन त्यांचा मान करतो. रायपूरच्या मराठी घरांच्या दारातही ही टोपली येते. तिच्यापुढे उभे राहून ‘सणात रडू नये’ असे म्हणणे कठीण आहे.

परंपरेची दुसरी बाजूही नाकारता येत नाही. पती निधन पावलेल्या स्त्रीला हळदीकुंकवाचे, ओटीचे बोलावणे न देण्याची प्रथा ऐन सणात तिला घराच्या कोपऱ्यात बसवते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. रायपूर हे शहर महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर असले, तरी तेथील मराठी घरांत आणि मंडळांत हळदीकुंकू होतेच. निमंत्रणाची यादी करताना त्यातून कोणाचे नाव गळते आहे, हे पाहण्यासाठी कोणत्याही शासनाच्या परिपत्रकाची गरज नाही.

दोन गैरसमज

या विषयावरील बरेच लिखाण पाश्चात्त्य देशांतील नाताळाच्या अनुभवावर आधारलेले असते आणि तसेच्या तसे आपल्याकडे उतरते. त्यामुळे दोन गोष्टी स्पष्ट करणे इष्ट ठरेल. पहिली उजेडाची. हिवाळ्यात दिवस लहान झाल्यामुळे येणाऱ्या ऋतुनिगडित नैराश्याचे वर्णन नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली अमेरिकेत केले. तो विकार उत्तरेकडील देशांत अधिक आढळतो. रायपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे वर्षातील सर्वांत लहान दिवसही पावणेअकरा तासांच्या आसपास असतो, आणि दिवाळीच्या सुमारास तर तो सव्वाअकरा ते साडेअकरा तासांचा असतो. तेव्हा दिवाळीतील उदासीचे खापर सूर्यावर फोडता येत नाही. सकाळच्या उन्हात फिरणे मनाला आणि झोपेला हितकारक आहे, एवढे मात्र सर्वत्र खरे.

दुसरा गैरसमज अधिक गंभीर आहे. सणांच्या काळात आत्महत्या वाढतात, असे छातीठोकपणे सांगितले जाते. अमेरिकेत नाताळाबाबत हीच समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात तेथील नोंदींनुसार डिसेंबर हा अशा घटना कमी असणाऱ्या महिन्यांपैकी एक आहे. सणात माणसे भोवती असतात, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. असली विधाने पसरवण्याने आधीच खचलेल्या माणसाला वेगळाच संदेश मिळतो. म्हणून ती टाळावीत. मात्र एखाद्या विशिष्ट माणसाविषयी काळजी वाटत असेल, तर ती सणासुदीतही तितक्याच गांभीर्याने घ्यावी.

काय करता येईल

सण येण्याआधी पंधरा दिवस घरातील सर्वांनी एकत्र बसून यंदा काय करायचे आणि काय सोडायचे हे ठरवावे. ‘सोडायचे’ हा भाग महत्त्वाचा. फराळाचे दोन पदार्थ घरी आणि बाकीचे महिला बचत गटाकडून किंवा दुकानातून, एवढा निर्णय झाला तरी घरातील वातावरण बदलते. खर्चाचा आकडा आधी कागदावर लिहावा आणि तो मुलांनाही सांगावा. मुलांना टंचाई समजते; आई-वडिलांचे अबोल चेहरे समजत नाहीत. कामांची वाटणी नावानिशी करावी. ‘काही मदत हवी का’ असे विचारणाऱ्या पुरुषापेक्षा ‘पणत्या, रांगोळीचे सामान आणि पूजेची यादी माझ्याकडे’ असे म्हणणारा अधिक उपयोगी पडतो.

मन जड असताना सर्वांत आधी माणूस हालचाल सोडतो. बाहेर जाणे बंद, आंघोळीला उशीर, पलंगावर पडून दुसऱ्यांचे फोटो पाहणे. उत्साह आल्यावर उठू, असे तो म्हणतो. पण नैराश्यात क्रम उलटा असतो, आधी हालचाल करावी लागते आणि मग थोडासा उत्साह येतो. मानसोपचारात या तत्त्वावर आधारलेली एक प्रस्थापित पद्धत आहे. दिवसातील एखादे लहान, ठरलेल्या वेळेचे काम निवडायचे आणि इच्छा असो वा नसो, ते करायचे. बूढा तालावाभोवती सकाळी एक फेरी, तुळशीला पाणी, एका जुन्या मित्राला फोन. काहींना दिवाळी अंकातील एक कथा वाचणे जमते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा बृहन्महाराष्ट्रातील एकाकी दुपारींना किती आधार देत आली आहे, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

मोबाइलवरील छायाचित्रांविषयी एकच सांगावेसे वाटते. त्यांत भांडण, उधारी आणि रिकामी खोली कोणी टिपत नाही.

झोपेबाबत मात्र तडजोड करू नये. द्विध्रुवी मनोविकार, म्हणजे ज्यात नैराश्य आणि अतिउत्साह यांचे झटके आलटून-पालटून येतात, तो असलेल्या व्यक्तीला सलग दोन-तीन रात्रींचे जागरणही अतिउत्साहाच्या झटक्याकडे ढकलू शकते. गरबा, कोजागरी, पहाटेचे कार्यक्रम यांतून निवड करावी लागेल. अशा रुग्णांपैकी जे लिथियम घेतात, त्यांच्यासाठी निर्जळी उपवास धोक्याचा आहे. शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढून विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. हरतालिका आणि तीजा या दोन्ही व्रतांत पाणी वर्ज्य मानले जाते. म्हणून अशा स्त्रियांनी व्रतापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, आणि उपवासासाठी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. नैराश्यावरील गोळ्यांचेही असेच आहे. त्यांचा गुण दिसू लागण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्या अचानक थांबवल्यास चक्कर, बेचैनी, झोपमोड असे त्रास होऊ शकतात. दिवाळीत दवाखाने बंद असतात. गोळ्या आधीच आणून ठेवाव्यात.

मद्याने मन हलके होते ही समजूत पहिल्या तासापुरती खरी असते. मद्य हे मेंदूच्या कार्याला मंद करणारे द्रव्य आहे. ते झोप बिघडवते आणि दुसऱ्या दिवशीची उदासी वाढवते. शिवाय मनोविकारांवरील बऱ्याच औषधांबरोबर ते घेऊ नये.

वृद्धांकडे वेगळे लक्ष हवे. त्यांचे नैराश्य ‘मन लागत नाही’ अशा शब्दांत क्वचितच व्यक्त होते. गुडघे, पोट, चक्कर, भूक यांच्या तक्रारी वाढतात. थायरॉइडची कमतरता किंवा ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांतूनही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून तपासणी करून घेणे योग्य. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला फटाक्यांचा आवाज आणि नवे चेहरे यांनी भीती वाटते. तिच्यासाठी एक शांत खोली राखून ठेवावी.

उदासी की आजार?

मनाची खिन्नता किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक गोष्ट दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक काळ टिकली. त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता बिघडली, थकवा आला, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले आणि रोजची कामे अडू लागली, तर ती केवळ सणाची उदासी राहिलेली नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. आप्ताच्या मृत्यूनंतरचे दुःख याहून वेगळे असते. ते लाटांसारखे येते-जाते आणि त्याला मुदत घालू नये. तथापि अनेक महिने उलटूनही माणूस त्याच क्षणी अडकून पडला असेल, तर त्यालाही मदत मिळू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराचा समावेश आहे, आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे.

मदत न घेणाऱ्यांची संख्या किती मोठी आहे, हे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून दिसले. त्यासाठी निवडलेल्या १२ राज्यांत छत्तीसगडचा समावेश होता, महाराष्ट्राचा नव्हता. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि नैराश्य व चिंता यांसारख्या सर्वसामान्य विकारांत दर १०० पैकी सुमारे ८५ जण उपचारांपासून दूर होते. यात सोयींच्या अभावाबरोबर संकोचाचाही मोठा वाटा आहे. लहान समाजात तो संकोच दुप्पट होतो. रायपूरच्या मराठी वर्तुळात सर्व जण एकमेकांना ओळखतात. दवाखान्याच्या पायरीवर कोणी पाहिले तर काय, ही भीती खरी असते.

रायपुरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे टाटीबंध येथील एम्समध्ये, मनोविकार विभाग आहे. राज्यातील जिल्हा रुग्णालयांत ‘स्पर्श’ या नावाने मानसिक आरोग्याची क्लिनिके चालतात, आणि बिलासपूरजवळ सेंदरी येथे राज्य मानसिक रुग्णालय आहे. ज्यांना कोठे जायचेच नाही, त्यांच्यासाठी दूरध्वनीचा मार्ग खुला आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती विनामूल्य असून दिवसरात्र चालते. वीस भाषांत उपलब्ध असून त्यांत मराठीही आहे. चाळीस वर्षे छत्तीसगडात राहून अस्खलित हिंदी बोलणाऱ्या माणसालाही दुःख मराठीतच सांगावेसे वाटते, म्हणून भाषा निवडण्याची ही सोय लहान समजू नये. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय सेवा आहे.

जवळच्या व्यक्तीने जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, निरवानिरव सुरू केली, किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकल्या, तर विषय टाळू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का’ असे सरळ आणि शांतपणे विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही. उलट बोलण्याला वाट मिळते. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, गोळ्यांचा साठा आणि कीटकनाशके दूर करावीत, आणि तातडीच्या वेळी ११२ किंवा १०८ वर संपर्क साधावा. कायद्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. २९ मे २०१८ पासून लागू असलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरतो, आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकतो.

ऐकणाऱ्याने उपाय सांगण्याची घाई करू नये. ‘तुला काय कमी आहे’, ‘आमच्या वेळी तर’, ‘मनावर घेऊ नकोस’ ही तीन वाक्ये निदान चार दिवस कपाटात ठेवावीत. ‘यंदा बाबा नाहीत, जड जात असेल’ एवढे म्हणून शेजारी बसले तरी पुरते. गेलेल्या माणसाचे नाव सणात उच्चारण्याची भीती बाळगू नये. त्यांना आवडणारा एक पदार्थ करावा, त्यांच्या गोष्टी नातवंडांना सांगाव्यात, आणि कोणाचे डोळे भरले तर भरू द्यावेत.

मुले परत गेल्यानंतरचा आठवडा अनेक आई-वडिलांना प्रत्यक्ष सणापेक्षा जड जातो. डबे रिकामे होतात, आकाशकंदील उतरतो, दोन माणसांचा स्वयंपाक पुन्हा सुरू होतो. त्या आठवड्यात रोज ठरलेल्या वेळी फोन करावा, आणि निघण्यापूर्वीच पुढच्या भेटीचा महिना घरी सांगून ठेवावा. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. मकरसंक्रांतीला रायपूरला यायचे असेल, तर ते तिकीट नोव्हेंबरच्या मध्यावर, तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे, काढता येते.